गोदाम मोकळे करणे म्हणजे मदत नव्हे

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मला वडिलांच्या कापडाच्या पेढीवर बसू लागून फार दिवस झाले नव्हते. गावोगावी मदतीचे ट्रक भरले जात होते. आमच्या पेढीनेही चार गाठी दिल्या. त्या गाठींत काय होते हे लिहिताना आज संकोच वाटतो. दोन हंगाम न खपलेल्या, काठ चुकलेल्या नायलॉनच्या पाचवारी साड्या होत्या. मुनीमजी म्हणाले, "चला, पुण्यही झाले आणि गोदामही मोकळे झाले."

सहा-सात महिन्यांनी उधारीच्या वसुलीसाठी उमरग्याकडे गेलो होतो. रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आमच्या साडीचा काठ मी लांबूनच ओळखला. तिची तान्ह्या पोरासाठी झोळी बांधलेली होती. शेजारी बसलेल्या आजीला विचारले, तर ती म्हणाली, "नेसाया पुरत न्हाई बाबा, आमी नऊवारी नेसतो. झोळीला बरी हाय." तिने तक्रार केली नाही. तक्रार करायची तरी कोणाकडे? माल तिने विकत घेतलेला नव्हता.

ही जुनी गोष्ट आज आठवण्याचे कारण आहे. युक्रेन, गाझा, सुदान येथील युद्धांच्या बातम्यांबरोबर आणखी एक बातमी हल्ली वारंवार वाचायला मिळते. अमुक कंपनीने कृत्रिम हातपाय दिले, तमुक कंपनीने तपासणीची यंत्रे पाठवली. वाचणारा लगेच विचारतो, यात कंपनीचा काय फायदा? काहीजण म्हणतात, फायदा असेल तर ती मदत कसली? मी व्यापारी माणूस आहे. माझे उत्तर असे की फायदा असतो आणि तो असण्यात काही गैर नाही. मात्र हा फायदा कोणत्या वाटेने येतो, ते पाहिले पाहिजे.

सतरा हजार टनांचा धडा

किल्लारीच्या त्याच काळात बोस्नियात युद्ध चालू होते. युरोपातून औषधांचे ट्रकच्या ट्रक तेथे जात होते. १९९७ साली अमेरिकेतील एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात या मदतीचा हिशेब प्रसिद्ध झाला. १९९२ ते १९९६ या काळात बोस्निया-हर्जेगोविनात आलेल्या औषधांपैकी सुमारे १७ हजार टन माल निरुपयोगी होता, असा त्यात अंदाज होता. निम्म्याहून जास्त मालाची ही गत होती. मुदत संपलेली औषधे, वेगवेगळ्या गोळ्यांची सरमिसळ, रोग्याच्या कामाची नसलेली औषधे असा हा सगळा माल होता. तो नष्ट करण्याचा खर्चच सुमारे ३ कोटी ४० लाख डॉलर येईल, असे त्या लेखकांनी मांडले.

व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा. युरोपात मुदत संपलेले औषध नष्ट करायला पैसे मोजावे लागतात. तेच औषध ट्रकमध्ये घालून 'मदत' म्हणून धाडले की तो खर्च वाचतो, गोदाम मोकळे होते, करातही सवलत मिळू शकते आणि नाव होते ते वेगळेच. आमच्या चार गाठींचा आणि त्या १७ हजार टनांचा हिशेब एकच होता. फरक फक्त वजनाचा.

यानंतर जग थोडे शहाणे झाले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ साली औषधदानाचे नियम घालून दिले. पोहोचल्यानंतर औषधाची मुदत किमान एक वर्ष शिल्लक हवी, तेथील लोकांनी मागितलेलेच औषध पाठवावे, वेष्टनावरचा मजकूर तेथील डॉक्टरांना वाचता यावा, असे ते नियम आहेत. कोणत्याही किराणा दुकानदाराला हे नियम सांगावे लागत नाहीत. त्याने शिळा माल दिला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी तो त्याच्या काउंटरवर आणून आपटते. मदतीच्या मालाला असे काउंटरच नसते, म्हणून नियम लिहावे लागले.

यंत्रांची कथा याहून बरी नाही. गरीब देशांना दान मिळालेल्या वैद्यकीय यंत्रांपैकी काही देशांत जेमतेम १० ते ३० टक्केच यंत्रे प्रत्यक्ष कामाला लागतात, असे याच संघटनेने २०१० मध्ये नमूद केले. कोठे विजेचा दाब जुळत नाही, कोठे सुटा भाग मिळत नाही, कोठे ते चालवणारा माणूसच नसतो. यंत्र कोपऱ्यात चादर पांघरून उभे राहते.

युद्धातून उभा राहिलेला धंदा

आता दुसरी बाजू पाहू. कृत्रिम हातपायांचा आजचा धंदा युद्धातूनच उभा राहिला आहे. पहिल्या महायुद्धातून हजारो जर्मन सैनिक हातपाय गमावून परतले. तोपर्यंत प्रत्येक पाय कारागीर हाताने घडवत असे. १९१९ साली बर्लिनमध्ये ओटो बॉक नावाच्या कारागिराच्या नावाने कंपनी निघाली. त्यांनी सुटे भाग कारखान्यात एकसारखे घडवून कारागिरांना पुरवायला सुरुवात केली. शिंपी एकेक सदरा शिवतो आणि तयार कपड्यांचा कारखाना मापे ठरवून हजार सदरे काढतो, तसाच हा बदल होता. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व जर्मनीतला कारखाना त्यांच्या हातून गेला. त्यांनी पश्चिमेकडील डुडरश्टाट येथे पुन्हा सुरुवात केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये या ओटोबॉक कंपनीचे शेअर फ्रँकफर्टच्या बाजारात आले. आज ती या क्षेत्रातली जगातली अग्रगण्य कंपनी आहे. युक्रेनमधील जखमींना तिचे हातपाय लागतात, आणि रशियातही तिचा धंदा चालू राहिला. वैद्यकीय सामानावर निर्बंध नसल्यामुळे तो बेकायदा नाही, तरी त्यावर टीका झाली. पाय तुटलेल्या माणसाचे राष्ट्रीयत्व विचारू नये, हे मला पटते. पण कंपनीला दोन्ही बाजूंनी गिऱ्हाईक मिळते, ही गोष्टही हिशेबात लिहिली पाहिजे.

या धंद्याचे गणित समजून घेतल्याशिवाय पुढची चर्चा अपुरी राहील. कृत्रिम पाय एकदा देऊन भागत नाही. वाढत्या वयाच्या मुलाला साधारण दर सहा महिन्यांनी नवा पाय लागतो, मोठ्या माणसाला तीन ते पाच वर्षांनी. सातव्या वर्षी सुरुंगावर पाय गमावलेल्या मुलीला अठरावे वर्ष लागेपर्यंतच वीस-बावीस वेळा पाय बदलावा लागेल. पहिला पाय फुकट देणारी कंपनी खरे तर जन्मभराचे गिऱ्हाईक जोडत असते. तिच्या पायाला तिचेच सुटे भाग बसतात, तिच्याच पद्धतीने शिकलेला तंत्रज्ञ लागतो. हा कंपनीचा फायदा आहे. मुलीचा तो फायदा होतो की तिच्या गळ्यातला फास, हे पुढच्या एकवीस पायांवर ठरते.

फायदा कशाकशात आहे?

थोडक्यात सांगायचे तर युद्धग्रस्त भागात काम करणाऱ्या वैद्यकीय कंपनीला चार फायदे होतात.

पहिला, मालाची कसोटी. धूळ, ऊन, पाऊस, विजेचा पत्ता नाही, चालवणारा घाईत. अशा ठिकाणी जे यंत्र टिकते ते तालुक्याच्या दवाखान्यात डोळे मिटून चालते. ही परीक्षा कोणत्याही प्रयोगशाळेत होत नाही.

दुसरा, पत. रेड क्रॉस किंवा युनिसेफने एकदा माल पास केला की इतर खरेदीदार फारसे प्रश्न विचारत नाहीत. आमच्या बाजारात एखाद्या मोठ्या मिलने माल उचलला की छोटे व्यापारी आपोआप येतात, तसेच हे.

तिसरा, सवय. ज्या डॉक्टरने आणि तंत्रज्ञाने युद्धाच्या दिवसांत तुमचे यंत्र हाताळले, तो शांततेच्या दिवसांत सरकारी खरेदीच्या समितीत बसतो. हात ज्या हत्याराला सरावला तेच तो मागतो.

चौथा, तोच माल सुखवस्तू बाजारात विकण्याची वाट. याचे सर्वांत चांगले उदाहरण एका कापडवाल्याचेच आहे.

एका कापडवाल्याची गोष्ट

डेन्मार्कमधील कोल्डिंग गावी १९५७ साली वेस्टरगार्ड फ्रँडसन नावाच्या कुटुंबाने कामगारांचे गणवेश शिवण्याचा धंदा सुरू केला. तिसऱ्या पिढीतला मुलगा १९९० च्या दशकात धंद्यात आला आणि त्याने मदतसंस्थांसाठी ब्लँकेटचे काम वाढवले. पुढे या कंपनीने नारूचा किडा गाळून काढणारे कापड अमेरिकेतील कार्टर सेंटरच्या मोहिमेला पुरवले. नंतर धुतली तरी औषध टिकून राहते अशी मच्छरदाणी काढली. तंबूच्या ताडपत्रीतच डास मारणारे औषध घातले, आणि लायबेरियाच्या युद्धातून सिएरा लिओनमध्ये आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत त्या ताडपत्रीची चाचणी झाली. छत आणि भिंती दोन्ही झाकल्या तेथे मलेरिया चांगलाच कमी झाला. निवारा आणि औषध एकाच कापडात! कापडाच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाला याचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

२००५ साली याच कंपनीने 'लाइफस्ट्रॉ' नावाची नळी काढली. गढूळ पाण्यात नळी बुडवून तोंडाने ओढले की पाणी गाळून येते. ती मूळ संकटग्रस्तांसाठी होती. काही वर्षांनी अमेरिकेत डोंगर चढणारे, जंगलात फिरणारे हौशी लोक तीच नळी दुकानातून विकत घेऊ लागले. छावणीतली वस्तू शोरूममध्ये गेली. विकल्या गेलेल्या नळीमागे एका शाळकरी मुलाला वर्षभर शुद्ध पाणी देण्याची योजनाही कंपनीने जोडली. मदत करून पैसे मिळवायचे आणि ते लपवायचे नाही, असा या कंपनीचा व्यवहार राहिला. मला त्यात काही वावगे दिसत नाही.

पैसे देणारा एक, वापरणारा दुसरा

पण याच गोष्टीचा पुढचा भागही सांगितला पाहिजे. पापुआ न्यू गिनीत वर्षानुवर्षे याच कंपनीच्या मच्छरदाण्या वाटल्या जात होत्या. तेथे युद्ध नव्हते, पण व्यवहार छावणीतलाच होता. पैसे दाते देत आणि मच्छरदाणी खेड्यातला माणूस वापरी. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की २०१३ पासून तयार झालेल्या मच्छरदाण्यांची डास मारण्याची ताकद आधीच्यापेक्षा बरीच घटली होती. त्याच काळात तेथे मलेरिया पुन्हा वाढला होता. आपला माल ठरलेल्या कसोट्यांत बसतो, असे कंपनीचे म्हणणे होते. वाद तज्ज्ञांवर सोडू. व्यापाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. घट २०१३ पासूनची असेल तर ती उजेडात यायला इतकी वर्षे का लागली?

कारण सरळ आहे. माझ्या दुकानातून घेतलेल्या कापडाचा रंग पहिल्या धुण्यात गेला, तर बाई दुसऱ्या दिवशी पायरीवर उभी असते. तिने पैसे दिलेले असतात, म्हणून तिचा आवाज असतो. मदतीच्या व्यवहारात पैसे देणारा जिनिव्हात किंवा कोपनहेगनमध्ये बसलेला असतो आणि वापरणारा तंबूत. देणारा कागद पाहतो, माल पाहत नाही. वापरणारा माल पाहतो, पण त्याच्या हातात बिल नसते. व्यापाराला सरळ ठेवणारी जी एक गोष्ट आहे, ती म्हणजे परत आलेला माल. तीच येथे नाहीशी होते. उमरग्याच्या आजीची अडचण नेमकी हीच होती.

म्हणून माझे म्हणणे असे की कंपनीने नफा कमावला की नाही, हा प्रश्न दुय्यम आहे. ज्याच्या अंगावर तो माल जातो, त्याला तो परत आणून आपटण्याची सोय आहे का, हा पहिला प्रश्न.

काबूलमधील दुकान

ही सोय करता येते, याचा पुरावा काबूलमध्ये आहे. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने युद्धातील अपंगांसाठी कृत्रिम अवयवांचे काम १९७९ मध्ये सुरू केले आणि १९८८ मध्ये काबूलचे केंद्र उघडले. अल्बेर्तो कैरो हे इटालियन फिजिओथेरपिस्ट १९९० पासून अफगाणिस्तानात या कामात आहेत. सरकारे आली आणि गेली, केंद्र चालू राहिले. तेथे काम करणारे बहुसंख्य लोक स्वतःच अपंग आहेत. पाय बनवणाराच तो पाय घालून चालतो. खराब मालाची बातमी त्याला दुसऱ्या कोणी सांगावी लागत नाही.

रेड क्रॉसने आपल्या पायांसाठी पॉलिप्रॉपिलीन हे साधे, स्वस्त प्लास्टिक निवडले. ते गरम करून साच्यावर बसवता येते, दुरुस्त करता येते आणि स्थानिक माणूस ते शिकू शकतो. जर्मनीतला संगणकावर चालणारा गुडघा याहून कितीतरी सरस आहे यात शंका नाही. पण त्याची बॅटरी बिघडली की हेरातच्या शेतकऱ्याने कोठे जायचे?

आपल्याकडील जयपूर फूटची हकीकत याच जातीची आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी असा पाय घडवला की तो घालून अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते, मांडी घालता येते. कारण तो वापरणाऱ्याला पाहून घडवला गेला. त्याचे पेटंट घेतले नाही, म्हणून युद्धाने होरपळलेल्या अनेक देशांत तो पोहोचला.

गाझाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. नाकेबंदीमुळे तेथे साध्या वस्तूही मिळेनात, तेव्हा डॉ. तारेक लौबानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थ्री-डी छपाईच्या यंत्रावर प्लास्टिकचा स्टेथोस्कोप बनवला. त्याचा खर्च अडीच ते पाच डॉलर. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तो नामांकित कंपनीच्या महागड्या स्टेथोस्कोपच्या तोडीचा ठरला. जखमेचे रक्त थांबवण्यासाठी आवळायचे पट्टेही त्यांनी तसेच बनवले. त्याचे आराखडे सर्वांना खुले ठेवले. येथे वापरणारा आणि बनवणारा एकच असल्यामुळे चूक झाली की ती त्याच दिवशी कळे. मोठ्या कंपन्यांना हा मार्ग परवडणार नाही, हे मान्य. पण आपला माल तेथील डॉक्टरला उघडता, दुरुस्त करता आणि सुधारता यावा, एवढे तर त्यांना करता येईल.

आपल्या व्यापाऱ्यांनी काय घ्यावे?

हा विषय दूरदेशीचा वाटेल, पण तसा तो नाही. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट युनिसेफला लसी पुरवते. तमिळनाडूतील करूर हे आपल्यासारखेच कापडाचे गाव. तेथील कारखान्यांच्या औषधी मच्छरदाण्यांना जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता आहे. पानिपतची जुन्या लोकरीची ब्लँकेटे वर्षानुवर्षे जगभरच्या मदतछावण्यांत जात आली. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागवाल्यांनी 'ग्रे' कापडाच्या पलीकडे पाहायचे ठरवले, तर बँडेज, मच्छरदाणी, छावणीचे कापड हा रास्त धंदा आहे.

मात्र कायद्याची एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. परदेशात केलेले असे काम, किरकोळ अपवाद वगळता, त्यात धरले जात नाही. म्हणजे गाझा किंवा सुदानसाठी माल पाठवायचा तर तो एक तर विक्री म्हणून पाठवावा किंवा आपल्या खिशातून दान म्हणून. दोन्ही खाती वेगळी ठेवावीत. विक्रीला विक्री म्हणावे. दानाच्या नावाखाली जुना स्टॉक काढू नये आणि विक्री करून दानशूर म्हणून हार घालून घेऊ नयेत.

आणि कोणत्याही खात्यात माल जावो, तीन गोष्टी सोबत जाव्यात. पाच वर्षे सुटे भाग मिळतील याची लेखी हमी. तेथलाच एक माणूस शिकवून तयार केलेला. आणि वेष्टनावर, तेथल्या भाषेत, माल वाईट निघाला तर कळवण्याचा पत्ता. यासाठी खर्च येतो, ठाऊक आहे. पण वर सांगितलेले चार फायदे, म्हणजे कसोटी, पत, सवय आणि नवा बाजार, टिकतात ते याच तिघांच्या जोरावर. एरवी फोटो एकदा छापून येतो आणि यंत्र चादर पांघरून उभे राहते.

आमच्या पेढीने त्या वर्षी चार गाठींची किंमत वहीत 'धर्मादाय' या खात्यावर लिहिली होती. वही अजून माझ्याकडे आहे. ती रक्कम खरे म्हणजे 'खराब माल' या खात्यावर लिहायला हवी होती. उमरग्याच्या त्या आजीचे आम्ही देणे लागत होतो, आणि ते खाते अजून मिटलेले नाही.